करंजवाडीचा बुधवार

नारायणरावांनी सलग दोन बुधवार करंजवाडीला जायचं टाळलं, आणि त्यांना जेवण जाईना.

वरवट बकालच्या स्टँडजवळ त्यांचं दुकान. एक फिरती खुर्ची, दोन आरसे, बाहेर बाकडं. आठवडाभर ते तिथं असत. पण बुधवार उजाडला की दुकानाला कुलूप, खांद्याला धोकटी, आणि सायकलवर सहा किलोमीटर करंजवाडी. वडिलांपासून चालत आलेलं ते गाव. पारावर पोतं अंथरायचं आणि बसायचं. म्हाताऱ्यांच्या दाढ्या, पोरांची डोकी, आणि ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांना वाकता येत नाही त्यांची नखं. त्यासाठी धोकटीत वस्तरा, कात्रीबरोबर एक नराणी असायची. नखं काढायचं हे लोखंडी हत्यार आता कुठल्या दुकानात मिळत नाही. नारायणरावांच्या आजोबांची ती, घासून घासून करंगळीएवढी उरलेली.

तीस वर्षांत नाल्याला पूर आला तेवढेच बुधवार चुकले होते. आणि आता हे दोन.

झालं असं की डिसेंबर संपता संपता करंजवाडीत लोकांचे केस जायला लागले. सकाळी फणी घातली की मूठभर हातात यायचे आणि तिसऱ्या दिवशी डोकं मोकळं. बायांचे, बाप्यांचे, शाळेतल्या पोरींचेसुद्धा. कोणी म्हणालं पाणी खारं आहे म्हणून. पण पाणी आजोबांच्या काळापासून खारं होतं. कोणी देवीवर ढकललं. कोणी म्हणालं, हा रोगच आहे आणि तो हातानं पसरतो. हे शेवटचं सगळ्यांना लगेच पटलं, कारण त्यातच भीती जास्त होती.

मग आसपासच्या केस कापणाऱ्या सगळ्या कारागिरांची बैठक बसली. शेखर त्यांचा पुढारी. वय तिशीच्या आत, दुकानात एसी, दारावर स्वतःचाच फोटो. त्यानं ठराव मांडला की करंजवाडीचं डोकं कोणी खुर्चीत घ्यायचं नाही आणि आपला वस्तरा त्या गावात न्यायचा नाही. सगळ्यांनी हात वर केले. नारायणरावांनीही केला. खाली घेताना तो हात त्यांना जड लागला, पण केला होता हे खरं.

आता अर्पिताबद्दल सांगायला हवं. ती नारायणरावांची एकुलती एक मुलगी. नागपूरला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला असताना मैत्रिणींनी थट्टेथट्टेत तिचा फॉर्म भरला आणि ती 'विदर्भसुंदरी' होऊन बसली. मुकुट, पट्टा, फुलं, सगळं. शेवटच्या फेरीत परीक्षकांनी विचारलं होतं, सौंदर्य म्हणजे काय ते तुम्हाला कोणी शिकवलं? आधीच्या मुलींनी आईचं नाव घेतलं, निसर्गाचं घेतलं. अर्पिता म्हणाली, "माझे वडील न्हावी आहेत. त्यांच्या हाताखालून उठलेला माणूस आरशात बघतो आणि मान वर करून रस्त्याला लागतो. गरीब असो की श्रीमंत. मी ते रोज बघत मोठी झाले."

टाळ्या थांबेनात म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ वरवटच्या प्रत्येक फोनवर होता. पोरांनी दुकानाला हार घातला. आणि नारायणराव महिनाभर मुलीशी बोलले नाहीत.

त्यांचंही काही चुकलं नव्हतं. सातवीत असताना गुरुजी त्यांना गणिताच्या तासाला धोकटी घेऊन शाळेमागे बोलवायचे. आत पोरं गणितं सोडवतायत, बाहेर हा गुरुजींची दाढी करतोय, आणि खिडकीत वर्गातली सगळी तोंडं. एक दिवस दप्तर घरी ठेवलं ते ठेवलंच. मुलीच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून पहिलीपासून मेडिकलपर्यंतच्या तिच्या प्रत्येक फॉर्मवर त्यांनी वडिलांचा व्यवसाय 'शेती' असं लिहवून घेतलं होतं. शेती वीतभर नव्हती. जो शब्द वीस वर्षं झाकला, तो पोरीनं माइकवर सांगून टाकला.

पुढे केसांच्या तेलाची जाहिरात चालून आली. सिनेमावाले येऊन गेले. अर्पितानं सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि सार्वजनिक आरोग्याची वरची पदवी घेतली. आता ती बुलढाण्याला जिल्ह्याची साथरोग अधिकारी होती. मुकुट अन्नपूर्णाबाईंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, पेटीत लुगड्यांखाली असे. दर दिवाळीला त्या तो बाहेर काढून ओल्या फडक्यानं पुसत. आल्यागेल्याला दाखवीत, पण हात लावू देत नसत.

मंगळवारी दुपारी सरकारी जीप दारात थांबली. अर्पिता उतरली, मोरीत तोंड धुतलं आणि चुलीपुढे बसली. बरोबरचा आरोग्यसेवक राम ओसरीवर टेकला. अन्नपूर्णाबाईंनी दोघांना भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची भाजी वाढली. नारायणराव दाराशी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासत बसले होते.

"काऊन वं, तोंड काऊन उतरलं?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"तीन दिस झाले करंजवाडीत जाऊन राह्यली माय. माह्यासंगं फोटो साऱ्या गावानं काढले. रक्त देलं, पाणी देलं, घरचं धान्य देलं. नखं कोणी देत नाई."

"नखं कायले लागतात?"

"नख हळू वाढते. चार-सहा महिन्यांमांगं पोटात काय गेलं ते त्याच्यात सापडते. रक्तातून तं निघून जाते ते."

"केसं अन् नखं परक्याच्या हाती कोण दईन बाप्पा? करणीचं भेव वाटते लोकायले."

"माहीत हाये. दिल्लीच्या प्रयोगशाळेचा माणूस उद्या सांजच्या गाडीनं शेगावहून निघते. त्याच्यासंगं नखं गेली तं ठीक. नाई तं हा रोग पसरत नाई असं मले कागदावर लिहून देता येत नाई. मंग ते गाव असंच वाळीत राहीन." तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. "झुंबरआजीच्या नातीची, दीपमालाची, सोयरीक मोडली. पाहुणे फाट्यावरून वापस गेले. चहा सुदिक नाई घेतला."

वस्तऱ्याचा आवाज थांबला.

राम भाकरी खाता खाता म्हणाला, "मॅडम, मी एक सांगू का? लोक काकांपाशी तं नखं काढतातच. काकायनं काढायची, पुरतो म्हनायचं, अन् हळूच आपल्या पाकिटात. कोणाले कळते?"

त्याचं म्हणणं करंजवाडीच्या एका रिवाजावर बेतलेलं होतं. नारायणराव दिवसभराचे केस आणि नखं एका फडक्यात गोळा करत आणि निघताना लोकांच्या देखत गावाबाहेर नाल्याकाठच्या बाभळीखाली खड्डा करून पुरत. त्यांच्या वडिलांनीही तिथंच पुरली होती. ती माती बघितली की लोक निश्चिंत होत. नारायणरावांपुढे हात पसरायला भीत नसत ते यामुळेच.

"रामभाऊ," नारायणराव म्हणाले, "लोक डोळे मिटून गळा देतात माह्या वस्तऱ्याखाली. खोटं बोलून एक नख नाई घेणार मी."

"मलेबी तसं नको बाबा," अर्पिता म्हणाली. "सांगून देलं तंच घ्यायचं. तुम्ही येसान का, एवढंच इचारते."

"आमच्या लोकायचं ठरलं हाये." ते उठले आणि वस्तरा मिटून बाहेर गेले.

अन्नपूर्णाबाईंनी चुलीतलं लाकूड इतक्या जोरात मागे ओढलं की राख ताटापर्यंत आली. "ठरलं म्हणे. तू झाली तवा मले दूध नव्हतं. भर पावसाचं, महिनाभर त्या झुंबरबाईनं गाईचं दूध पाठवलं सहा कोसावरून. तवा कोणी ठराव नाई केला."

हे त्या बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलल्या. सहा कोस नव्हते, सहा किलोमीटर होते. पण रागात माणूस मोजत नाही.

बुधवारी सकाळी नारायणरावांनी नराणी दगडावर लावली, धोकटी खांद्याला अडकवली आणि सायकल बाहेर काढली. अर्पितानं जीपचं दार उघडून धरलं.

"बुधवारी मी सायकलनं जातो," ते म्हणाले. "तू हो पुढं."

स्टँडवर शेखरनं हॅण्डल धरलं. "काका, कुठी निघाले?"

"बुधवार हाये आज."

"आज तिकडं गेलात तं उद्यापासून तुमच्या खुर्चीत कुत्रं बसणार नाई. सांगून ठेवतो."

"कुत्र्याची दाढी मी करतच नाई शेखर," नारायणराव म्हणाले आणि पायडल मारलं. पण फाटा येईपर्यंत ते एकच घोकत होते. खुर्ची बंद पडली तर या वयात दुसरं काय येत होतं त्यांना?

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा घाटे धरत होता. वारं कानाला झोंबत होतं. करंजवाडीच्या पाराजवळ आले तेव्हा जीप येऊन उभी होती आणि जीपभोवती बाया अर्पितासोबत फोटो काढत होत्या. नारायणरावांना बघून सगळ्या मागं सरल्या. कोणाच्या डोक्याला मफलर, कोणाला टोपी, बायांचे पदर कपाळापर्यंत ओढलेले. एरवी सायकल टेकायच्या आत कोणी पाण्याचा तांब्या आणून द्यायचं. आज तांब्या आला नाही. नारायणरावांनी पोतं अंथरलं, धोकटी उघडली, हत्यारं मांडली आणि वाट बघत बसले. कोणीही पुढं आलं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पोत्यावर एकटं बसलेल्या माणसाकडे सगळं गाव बघतंय, हे त्यांना सातवीनंतर पहिल्यांदाच भोगावं लागत होतं.

अखेर ओट्यावरून झुंबरबाई काठी टेकत आल्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, उंच, अजून ताठ. पोत्यापुढे उभ्या राहिल्या.

"आला का नारायण?"

"आलो मावशी."

"दोन बुधवार कुठी होता?"

"घरीच होतो."

"बिमार होता?"

"नाई."

"मंग?"

नारायणरावांनी मान खाली घातली. "भेलो मावशी. साऱ्यायनं हात वर केला, म्याबी केला."

झुंबरबाईंनी पदर मागं टाकला. बाया एकमेकींकडे बघू लागल्या, कारण केस गेल्यापासून त्यांचं डोकं घरच्यांनीही बघितलं नव्हतं. डोकं गुळगुळीत होतं, कानामागे एक पांढरी बट तेवढी राहिली होती. त्या काठी टाकून पोत्यावर बसल्या आणि डोकं त्यांच्यापुढं केलं.

"आधी हात लाव."

नारायणरावांनी दोन्ही तळवे त्या डोक्यावर ठेवले. नुसते ठेवले नाहीत. वाटीत पाणी घेऊन हात ओले केले आणि तीस वर्षं केलं तसं कपाळापासून मानेपर्यंत चोळत नेलं, कानामागची बट सारखी केली, अंगठ्यानं कपाळाच्या बाजू दाबल्या. झुंबरबाईंनी डोळे मिटले होते आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"खडबडीत नाई लागत," नारायणराव हळूच म्हणाले. "खाज नाई, खपली नाई. नवी लव येऊन राह्यली मावशी. बोटाले लागते."

"खरं?"

"तुमच्याशी खोटं बोलतो का मी?" आणि त्या बोलण्याचाच धागा धरून त्यांनी पुढचं सांगितलं. "म्हणून सांगतो. आज नखं काढीन ती मी सारी पुरणार नाई. पोरीले तपासाले पाह्यजेत. दिल्लीले जातीन. लपवून नाई नेत. ज्याले द्यायची त्यानं द्यावी, नाई देलं तरी दाढी तशीच करून देईन."

गर्दीत कुजबुज झाली. दोघं-तिघं उठून चालायला लागले. अर्पिता काही बोलायला पुढे आली, पण वडिलांनी हातानं थांबवलं.

झुंबरबाई विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "हाताची नाई देणार. हातानं जेवतो, हातानं देवाले नमस्कार करतो. हाताची बाभळीखाली गेली पाह्यजेत, डोळ्यादेखत. पायाची न्या."

"पायाचीच जास्त चांगली आजी," अर्पिता चटकन म्हणाली. "आणखी हळू वाढतात ती."

"पण आधी तुह्या पोरीची काढ नारायण. तिची जातात का दिल्लीले पाहू दे आमाले."

विदर्भसुंदरी बूट-मोजे काढून पोत्यावर बसली. थंडीत तिनं उघडा पाय वडिलांच्या मांडीवर ठेवला. नारायणरावांनी तिची नखं शेवटची काढली होती ती पाचवीत असताना. त्यानंतर तिनं नेलकटर आणलं होतं. त्यांनी नखावर पाण्याचं बोट फिरवलं, नराणी धरली आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. बायका पुढे सरकल्या. त्यांना वाटत होतं तसा रंग नव्हता नखांना; टाचेला भेगा होत्या, गावोगाव फिरणाऱ्या बाईच्या असतात तशा. पायाची नखं पाकिटात गेली, हाताची फडक्यात. रामनं पाकिटावर नाव घातलं आणि चिकटवलं.

"जमलं," झुंबरबाई म्हणाल्या आणि आपला पाय पुढे केला.

त्यांच्यामागून दीपमाला आली. डोक्यावर निळा स्कार्फ घट्ट बांधलेला. अर्पितानं तिला जवळ बसवून घेतलं. "ताई, तुमच्यासारखे केस होते माहे," दीपमाला म्हणाली. अर्पितानं तिचा हात धरला. "लव आली म्हणतात बाबा. त्यायचा हात माह्या मशीनपेक्षा जुना हाये." दीपमाला हसली, आणि ती हसली म्हणून तिच्या वयाच्या सगळ्या पोरी रांगेत उभ्या राहिल्या.

मग नारायणरावांना वर बघायला सवड झाली नाही. काळ्या मातीत राबलेले पाय, कापूस वेचून फाटलेली बोटं, बैलानं चिरडलेला अंगठा, ज्याचं नख दगडासारखं झालेलं. ते त्यांनी कोमट पाण्यात भिजवून अर्धा तास घेऊन काढलं. प्रत्येकाला नावानं हाक, प्रत्येकाच्या घरची विचारपूस, आणि मागितलं नसतानाही प्रत्येकाच्या डोक्यावरून एकदा ओला हात. दुपारी पिठलं-भाकरी आली, ती त्यांनी डाव्या हातानं घास घेत बसल्या जागी खाल्ली. तांब्याभर पाणीही आलं, खारंच, पण आलं. चार वाजता त्यांना उठता येईना. गुडघे धरून राहिले होते. अर्पितानं आणि रामनं दोन्ही बगलांत हात घालून उभं केलं. सारं गाव झालं होतं. सकाळी उठून गेलेले ते दोघं-तिघंही.

फडकं घेऊन ते बाभळीकडे चालले. मागून लोक. खड्डा त्यांनी स्वतः केला, फडकं झटकलं, माती लोटली, पायानं दाबली. झुंबरबाईंनी जवळ येऊन बघितलं आणि मान डोलावली.

पुढचं थोडक्यात सांगतो. शेखर म्हणाला तसंच झालं. दहा दिवस नारायणरावांच्या खुर्चीत कोणी बसलं नाही. ते रोज दुकान उघडत, खुर्ची पुसत आणि बाकड्यावर बसून राहत. अकराव्या दिवशी दिल्लीचा अहवाल आला. नखांत एक धातू नको तितका निघाला होता, पोटातून आलेला. तो कुठून आला याचा शोध अर्पितानं हाती घेतला. पण पसरणारा रोग नाही, हे तिनं सहीनिशी लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलं. संध्याकाळी शेखर स्वतः येऊन खुर्चीत बसला, गाल पुढे केला आणि म्हणाला, "काका, करा." त्यांनी केली, आणि तीही अशी गुळगुळीत की शेखर आरशात दोनदा बघून गेला. केस पुन्हा येऊ लागल्यावर दीपमालाला दुसरं स्थळ आलं. पहिल्या पाहुण्यांनीही निरोप पाठवला होता, तो झुंबरबाईंनी फाट्यावरूनच वापस केला.

पण माझ्या डोळ्यांपुढे राहतं ते त्या बुधवारचंच. गाडीची वेळ होत आली होती. अर्पिता जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून भरभर लिहीत होती. पाकिटांच्या पेटीसोबत एक फॉर्म जायचा होता. गावाचं नाव, तारीख, किती नमुने. मग रकाना आला: नमुने घेणाऱ्याचं नाव. तिनं वडिलांचं नाव लिहिलं. पुढचा रकाना, हुद्दा. तिथं तिचं पेन थांबलं. माइकपुढे न अडखळलेली मुलगी ती, पण वडिलांचा तो महिनाभराचा अबोला ती विसरली नव्हती.

"बाबा, हितं 'मदतनीस' लिहून देते," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

नारायणराव सायकलला धोकटी बांधत होते. ते गुडघे सांभाळत जीपपाशी आले.

"मदतनीस काऊन? दिवसभर मदत करत होतो का मी?"

"मंग काय लिहू?"

"आण इकडं."

त्यांनी तिच्या हातातून पेन घेतलं. दिवसभर नराणी धरून बोटं वळत नव्हती, म्हणून पेन मुठीत धरलं. सगळं गाव बघत होतं. राम गाडी चालू करून थांबला होता. नारायणरावांनी रकान्यात एकेक अक्षर सावकाश काढलं आणि कागद मुलीकडे वाचायला दिला.

'न्हावी' लिहिलं होतं. अक्षर सातवीत सोडलं तसंच होतं, मोठं आणि गोल, रकान्याच्या बाहेर गेलेलं.